हाऊ बैल शे!

कळसाडीत मीनाबाईचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. केळीच्या बागेच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या बायांना हाक मारते, तेव्हा शेजारच्या उसातले मजूरही घाबरून ‘ओ’ देतात. वय एकोणसाठ. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र कधी कुरकुरल्याचं कोणी ऐकलेलं नाही. अशा या बाईची एकुलती एक नात, आठ वर्षांची रिना, मार्च महिन्यात न्यूझीलंडला गेली आणि तिथं जाऊन मुकी झाली.

मुकी म्हणजे घरात नव्हे हं. घरात ती आईचं डोकं खायची. पण शाळेच्या दारात पाय टाकला की तोंडाला कुलूप. बाईंनी विचारलं तर मान हलवायची, पोरांनी विचारलं तर तेवढंही नाही. मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून डबा खायची आणि साडेतीनला घरी यायची. जून आला तरी हेच.

मुलगा धर्मेंद्र आधी पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता. त्याला तिकडं हॅमिल्टन नावाच्या गावात दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात नोकरी लागली. सून निशा जायला तयार झाली, पण एका अटीवर. मीनाबाई भाकरी उलटत असताना, तिच्याच चुलीपाशी बसून निशा म्हणाली होती, ‘‘आई, दिवाळीपर्यंत बघू. रिनाचं मन लागलं तर राहू. नाही लागलं तर मी आणि रिना परत येऊ, हे येतील मागून करार संपला की.’’

मीनाबाईनं ती भाकरी करपवली, पण ते वाक्य मात्र पदरात घट्ट बांधून घेतलं.

आता हे स्पष्टच सांगून टाकतो, उगाच झाकून काय करायचं? नातीचं मन तिकडं लागू नये, असं मीनाबाईला वाटत होतं. चारचौघींत ती देवाला हात जोडायची, ‘‘मन्ही पोरनं मन लागू दे रे बाप्पा,’’ आणि घरी आली की मागची खोली झाडायला घ्यायची. जुलैत तिनं त्या खोलीला गुलाबी रंग मारून घेतला. शहाद्याच्या इंग्रजी शाळेत जाऊन मध्येच प्रवेश देतात का, तेही विचारून आली. गल्लीत कोणी विचारलं की सांगायची, ‘‘मन्ही रिना दिवाईले ई ऱ्हायनी,’’ म्हणजे दिवाळीला येतेय. पाहुणी म्हणून की कायमची, हे कोणी विचारत नसे, आणि ही सांगत नसे.

तिकडच्या शाळेच्या बाईंनी निशाला बोलावून सांगितलं, की पोरीला शाळेबाहेर कशात तरी घाला. चार पोरांत मिसळली की बोलायला लागेल. सोबत एक यादी दिली. पोहणं, घोड्यावर बसणं, पियानो, रग्बी, स्काउट, आणखी काय काय. निशानं यादी फोनवर वाचून दाखवली आणि मीनाबाई एकेक नाव बोटावर मोजत गेली. तिच्या लेखी ती यादी नव्हती, दिवाळी हिरावून नेणाऱ्या चोरांची नावं होती.

रिना शाळेतून आली की आपल्याकडं सकाळचे नऊ वाजलेले असायचे. निशा स्वयंपाकाला लागायची आणि रिना फोन घेऊन आजीशी गप्पा मारत बसायची. तास तास. मीनाबाईनं आपलं काम तिथं साधलं.

रिना म्हणाली, ‘‘आजी, मी उद्यापासून पोहायला जाणार.’’

‘‘जाय ना माय, जाय. फक्त त्या पाण्यात औषध ऱ्हास. केस पिवळे पडतस मंग.’’

रिनानं आपली काळीभोर वेणी पुढं घेऊन पाहिली आणि पोहणं बुडालं.

घोड्याची वेळ आली तेव्हा मीनाबाईनं भिलामामाला कामाला लावलं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्यानं भिलामामाला अशी लाथ हाणली की बिचारा आजतागायत एकाच कुल्ल्यावर बसतो, असं तिनं सांगितलं. भिलामामा एका कुल्ल्यावर बसतो हे खरं होतं, पण ते गळवामुळं, आणि तेही दोन आठवडेच. बिचाऱ्याला घोडा कधी शिवलाही नव्हता. पियानोनं बोटं फताडी होतात आणि मग बांगड्या चढत नाहीत, हा शोध तर तिनं जागच्या जागी लावला. रग्बीला तिला काही करावंच लागलं नाही. धर्मेंद्रनं एका सामन्याचा व्हिडिओ पाठवला, तो पाहून घरातले सगळे एका सुरात नको म्हणाले.

निशा चक्रावली. ‘‘आई, सकाळी उड्या मारत जाते म्हणते, आणि तुमच्याशी बोलली की नको म्हणते. काय करावं हिचं?’’

‘‘पोर नाजूक शे वं निशा,’’ मीनाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. ‘‘जबरदस्ती नको करू.’’

मनात थोडं खुपायचं, नाही असं नाही. पण गुलाबी खोलीकडं पाहिलं की खुपणं थांबायचं.

राहता राहिलं स्काउट. आणि इथं मीनाबाईचे यजमान उमाकांत सर खुर्चीतून ताडकन उठले. सर तालुक्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यातली एकोणतीस वर्षं ते स्काउट मास्तर होते. स्काउट मास्तर कसे झाले तेही ऐका. मुख्याध्यापकांनी विचारलं, खाकी पँट कोणाकडं आहे? सरांकडं होती.

‘‘स्काउटमध्ये घाला पोरीला!’’ सर फोनवर गरजले. ‘‘शिस्त लागते, धाडस येतं. कोणत्या पथकात घेणार तिला?’’

‘‘कबमध्ये, बाबा,’’ धर्मेंद्र म्हणाला.

‘‘कब? मुलगी कब कशी होईल? मुलं कब, मुली बुलबुल! त्यांना सांग, काहीतरी चूक होतेय.’’

‘‘इथं सगळे कबच असतात, बाबा. मुलं-मुली एकत्र.’’

सरांना हे पचायला दोन दिवस लागले. पण मीनाबाईनं या खेपेला तोंडातून ब्र काढला नाही, आणि त्याला कारण होतं. एकोणतीस वर्षं नवऱ्याचं स्काउट तिनं स्वतः इस्त्री केलेलं होतं. त्यात काय चालतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. पाहुणे येणार म्हणून पोरांनी दहा वाजल्यापासून उन्हात उभं राहायचं, पाहुणे दीडला आले की सलाम ठोकायचा, पाणी वाटायचं आणि घरी जायचं. असल्या प्रकारात कुठल्या लेकराचं मन लागणार? यादीतलं सगळ्यात निरुपयोगी हेच, म्हणून मीनाबाईनं मोठ्या मनानं सांगितलं, ‘‘जाऊ द्या तिले. तिच्या आबाची एवढी हौस शे तर.’’

उमाकांत सरांना वाटलं, तीस वर्षांनी का होईना, बायकोला आपल्या कामाची किंमत कळली. ते दिवसभर गुणगुणत होते.

आणि मीनाबाईचा अंदाज खोटाही ठरला नाही. रिना चार आठवडे कबला गेली आणि चारही आठवडे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भिंत तेवढी बदलली. दिवाळी दोन महिन्यांवर आली. मीनाबाईनं गुलाबी खोलीसाठी पडदे शिवायला टाकले.

मग पोळ्याचा दिवस उजाडला. घरी ट्रॅक्टर आला तेव्हा सरांनी बैल विकायचं काढलं होतं, पण लखू आणि तखू या जोडीच्या दाव्याला मीनाबाईनं हात लावू दिला नाही. सकाळपासून ती त्यांच्यामागं होती. आंघोळी झाल्या, शिंगं हिंगुळानं रंगवली, शिंगांना रंगीत रिबिनी बांधल्या, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर आरशांची झूल. साडेअकराला ती लखूच्या कपाळाला गोंडा बांधत होती, तेवढ्यात ओट्यावर सरांचा फोन वाजला.

तिकडं संध्याकाळचे सहा वाजले होते आणि कबचा वर्ग भरला होता. निशा हळू आवाजात बोलत होती. ‘‘बाबा, आज गाठ बांधून दाखवायची आहे. जमली की आज गळ्यात स्कार्फ घालणार. सगळ्यांची झाली, हिची तीनदा चुकली. रडवेली झालीय. मी बाईंना सांगितलं की आजोबा स्काउट मास्तर आहेत. त्या म्हणाल्या, मग त्यांनाच दाखवू द्या! मी फोन त्यांच्या मोठ्या पडद्याला लावून देतेय. दोन मिनिटांत गाडी नीट लावून आले.’’

हे बोलून निशा गेली. आणि फोनमध्ये वीसेक गोरी, सावळी, लालबुंद पोरं मांडी घालून बसलेली दिसली. सर बनियनवर होते. ते आत धावले, सदरा चढवला, जुना स्कार्फ गळ्यात अडकवला आणि फोनसमोर येऊन कडक सलाम ठोकला. तिकडून वीस सलाम आले. सरांचा ऊर भरून आला. मग तिकडच्या बाईंनी दोरीचं वेटोळं पुढं करून विचारलं, की गळ्याभोवती आवळणार नाही अशी गाठ कशी बांधायची, सर?

सरांनी ओट्यावरची दोरी उचलली. इकडून घातली, तिकडून काढली. ‘‘वेट, वेट,’’ म्हणाले. परत सोडली, परत बांधली. एकोणतीस वर्षांत पाहुण्यांनी पाणी मागितलं होतं, हार मागितला होता, पण गाठ कोणी मागितली नव्हती. सरांनी दोरी तिसऱ्यांदा सोडली. पोरं टक लावून पाहत होती. आणि सगळ्यांच्या पुढं, हातात दोरी घेऊन, रिना आबांकडं पाहत होती.

आबांचं काही होत नाही, हे पाहून रिनानं आपल्याच मनानं दोरी खांबाला घातली आणि ओढली. दोरी करकचून आवळली.

मीनाबाई गोठ्यातून वाकून हे पाहत होती. पाहू नये असं ठरवून पाहत होती, म्हणा. पोरीला जमलं नाही तर बरंच, असं मनाशी म्हणत होती. पण तो करकचलेला दोर दिसला आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली.

‘‘ओ माय वं! फास शे तो, फास! ढोरनी मान आवळी जाई ना!’’

ती धावत ओट्यावर आली आणि नवऱ्याच्या हातातला फोन हिसकावून घेतला. ‘‘बाजूले सरका तुम्ही. तीस वरीस काय पाणी वाटत होतात का?’’ मग फोन उलटा, सुलटा करत ती गोठ्यात शिरली. हॅमिल्टनच्या पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग शेण, मग एकदम लखूचं भलंमोठं तोंड. पोरांनी ‘वॉऽऽव’ केलं.

‘‘देखा,’’ मीनाबाई शिकवायला लागली, ‘‘हाऊ बैल शे.’’

आता आमच्या अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात आणि पुल्लिंगी ‘हा’ म्हणजे ‘हाऊ’. हे त्या पोरांना कोण सांगणार? त्यांना ऐकू आलं ते इंग्रजीतलं ‘शी’. रिबिनी, आरसे, गोंडे यांनी नटलेला लखू पाहून पुढच्या एका पोरीला ते पटलंही. ‘‘शी!’’ ती म्हणाली, ‘‘शी इज सो प्रिटी!’’

पण मागं एक ठिपक्या-ठिपक्यांच्या तोंडाचा पोरगा बसला होता, त्याच्या बापाच्या तीनशे गाई होत्या. त्याला लखूची नेमकी खूण दिसली. तो ओरडला, ‘‘नो! ही! ही!’’

मीनाबाई खवळली. ‘‘ही? आंधया शेतस का रे? ही नही, हाऊ! हाऊ! बैल शे, बैल!’’

‘‘शी!’’ अर्धी पोरं ओरडली.

‘‘ही!’’ उरलेली ओरडली.

‘‘आरे ही नही! ही म्हने ते गाय व्हयनी ना! हाऊ बैल शे!’’

उमाकांत सर मदतीला धावले. फोनमध्ये डोकं घालून म्हणाले, ‘‘नो शी! ही इज शे! शे इज नॉट शी!’’ त्यानं उरलंसुरलं स्काउट पथकही कामातून गेलं. तिकडच्या बाई हात वर करून उभ्या. पोरं जमिनीवर लोळतायत. निशाचा पत्ता नाही. लखूनं तेवढ्यात फोन चाटला.

आणि मग एक आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. रिना बाकावर चढून उभी राहिली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं इंग्रजीतून सगळ्यांना बजावलं, ‘‘थांबा! ‘शे’ म्हणजे ‘इज’. आणि आजी ‘ही’ म्हणते ना, ती मुलगी असते! तो बैल आहे. त्याचं नाव लखू. आज त्याचा सण आहे म्हणून तो सजलाय. आणि ती माझी आजी आहे, ती चिडलेली नाही, ती बोलतेच अशी.’’

वीसही माना तिच्याकडं वळल्या. पाच महिन्यांत त्या पोरीचा आवाज घराबाहेर कोणी ऐकला नव्हता.

मग ठिपक्यांच्या पोरानं विचारलं, त्याला पुरणपोळी वगैरे काही देतात का? म्हणजे त्यानं ‘केक’ म्हटलं, पण अर्थ तोच. रिनानं उत्तर दिलं. दुसरीनं विचारलं, तो चावतो का? रिनानं आजीला विचारलं, आजीनं अहिराणीत सांगितलं, रिनानं इंग्रजीत. ‘‘लहान फेरा कर. टोक खालतून वर काढ. आते मागून वळव. आते त्याच फेरामा परत घाल. वढ. वढ ना, जेवनी नही का?’’ असं मीनाबाई म्हणायची आणि रिना ते वीस जणांना शिकवायची, शेवटच्या वाक्यासकट. वीस पोरांनी वीस खांबांना, खुर्च्यांना, एकमेकांना गाठी बांधल्या. एकही आवळली नाही. निशा परत आली तेव्हा तिची मुकी पोर बाकावर उभी राहून लोकांच्या लेकरांना ओरडत होती, ‘‘जेवली नाहीस का?’’ आणि तिच्या गळ्यात स्कार्फ होता.

फोन बंद झाला. मीनाबाईचा चेहरा फुलून आला होता. ‘‘देखं का,’’ ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘असं शिकाडतस.’’

सरांनी ओट्यावरची दोरी गुंडाळली. मग हळूच म्हणाले, ‘‘शिकवलंस खरं. पण आता ती यायची नाही, मीना.’’

मीनाबाई पुरणपोळी घेऊन लखूपुढं उभी होती. हात तसाच राहिला. लखूनं वाट पाहून पाहून शेवटी स्वतःच पोळी ओढून घेतली.

त्यानंतर तासाचे फोन अर्ध्या तासावर आले, अर्ध्याचे दहा मिनिटांवर. ‘‘आजी, मी नंतर करते हं, कबमधली एमा आलीय.’’ एमा झाली की तो ठिपक्यांचा पोरगा. पडदे शिवून आले, मीनाबाईनं ते पिशवीतून बाहेरही काढले नाहीत. गल्लीत कोणी विचारलं, रिना कधी येतेय, की ती केळीच्या भावाबद्दल बोलायला लागायची. एकटीच असली की रडायची. नवऱ्यानं पाहिलं तर मिरची कांडत होते म्हणायची.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी फोन आला. सगळे समोर बसलेले. धर्मेंद्र खाली बघतोय, निशा नखं खातेय. रिना म्हणाली, ‘‘आजी, कबचा कॅम्प आहे. तंबूत राहायचं. तीन दिवस. पण तो दिवाळीत आहे.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काही नही. मला जायचंय. पण...’’ पोरीचा आवाज बारीक झाला. ‘‘मी घर सोडून कधीच राहिले नाही. तिथं फोन नेऊ देत नाहीत. मला तुझी आठवण आली तर काय करू? तू सांग. तू म्हणशील तर नाही जात मी. मग मी आणि मम्मी दिवाळीला तिकडंच येतो.’’

बघा आता. सरांनी चष्मा काढून हातात धरला. पोहणं बुडवायला एक वाक्य पुरलं होतं, घोड्याला भिलामामा. इथं तर काही खोटंही बोलायची गरज नव्हती. नुसतं खरं सांगितलं असतं, की ये गं बाई, मला करमत नाही, तर पोर विमानात बसली असती.

मीनाबाईनं पदर खोचला.

‘‘याद?’’ ती ठसक्यात म्हणाली. ‘‘कोणी? मन्ही? काय येडी शे का तू! माले ते तुन्ही याद येतच नही. एवढी कामं पडेल शेतस, केळीनी बाग उतरानी शे, माले फुरसत कोठे शे? तुले बी मन्ही याद येवाव नही. जाय मुकाट्यानं.’’

‘‘खरंच नाही येत तुला?’’

‘‘नही म्हन्तं ना! आन तंबूना दोर नीट बांधजो. मन्हं नाव घालवू नको.’’

‘‘येऽऽस!’’ रिना ओरडली आणि फोन पलंगावर फेकून पळाली. बंद करायचं राहूनच गेलं. धर्मेंद्र आणि निशाही तिच्यामागं गेले असावेत. मीनाबाईच्या हातात नुसतं एक पांढरं छत उरलं.

पलीकडच्या खोलीतून आवाज मात्र येत होता. दारात कोणीतरी आलं होतं आणि रिना त्याच्याशी बोलत होती. इंग्रजीत, भरभर, न थांबता, मध्येच खिदळत, मध्येच त्या दुसऱ्याला दटावत. मीनाबाईला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ती फोन कानाजवळ धरून बसली.

‘‘बंद कर ना तो,’’ सर म्हणाले. ‘‘कोणी नाहीये तिथं.’’

‘‘ऱ्हाऊ द्या,’’ मीनाबाई म्हणाली. ‘‘बोली ऱ्हायनी ती.’’